गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिन धुवा

प्रश्न : माझ्याकडे सहाचाकी मालवाहू ट्रक असून तो साधारण साडेतीन लाख किलोमीटर चालला आहे. गेल्या काही महिन्यांपासून रात्री गाडी उभी केली की सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली बशीएवढा काळा डाग पडलेला दिसतो. चेंबरचे (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचे) पॅकिंग दोनदा बदलून झाले, पण गळती थांबली नाही. आठवड्याला जवळपास एक लिटर ऑइल वरून घालावे लागते आणि भरलेली गाडी चढणीवर चालवली की डाग मोठा असतो. आता मिस्त्री म्हणतात की गिअरबॉक्स उतरवून क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील बदलावे लागेल. एका परिचितांनी गळती थांबवणारे औषध ऑइलमध्ये ओतायला सुचवले आहे. नेमके काय करावे, आणि तोवर गाडी चालवावी का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या मिस्त्रींचे निदान चुकीचेच आहे असे मी इथे बसून म्हणणार नाही; साडेतीन लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाचे मागचे क्रँक सील गळू लागले तर त्यात नवल काही नाही. पण तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट खटकली. चेंबरचे पॅकिंग पहिल्यांदा बदलण्याआधी, दुसऱ्यांदा बदलण्याआधी किंवा आता गिअरबॉक्स उतरवण्याचे ठरवताना, कोणी इंजिन स्वच्छ धुऊन ऑइल नेमके कुठून बाहेर पडते हे डोळ्यांनी पाहिल्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. डाग जिथे पडतो तिथेच गळती असणार असे धरून चालले की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते, आणि तुमची ती दोनदा झालेली आहे.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण उमेदीच्या काळात मी स्वतः हीच चूक केलेली आहे. अगदी तुमच्यासारखाच डाग पाहून मी एका ट्रकचा गिअरबॉक्स उतरवला, मागचे सील बदलले, हाताशी आहे म्हणून क्लच प्लेटही नवी घातली आणि सगळे पुन्हा चढवून मोठ्या समाधानाने गाडी मालकाच्या ताब्यात दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी डाग जिथल्या तिथे होता. शेवटी सापडले ते असे, की ब्लॉकच्या बाजूला वरच्या अंगाला बसवलेला ऑइल प्रेशर स्विच आतून फुटला होता; त्याच्या वायरच्या टोकातून ऑइल बाहेर येत होते, वायरीच्या जुडग्यावरून मागे सरकत होते आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, खालच्या ओठावरून जमिनीवर ठिबकत होते. तो स्विच बदलायला मला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा जोड ही सगळ्या इंजिनाची पन्हळ आहे असे समजा. बहुतेक ट्रकांत इंजिन मागच्या बाजूला किंचित कललेले बसवलेले असते, पुढून पंख्याचा वारा आणि धावत्या गाडीचा झोत प्रत्येक थेंब मागे ढकलत असतो, आणि ब्लॉकच्या कडा-कंगोऱ्यांवरून ओघळ वाट काढत शेवटी बेल हाउसिंगपाशीच येऊन पोहोचतो. त्यामुळे टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग, फिल्टरचे रबर, टर्बोची ऑइल नळी, एअर कॉम्प्रेसरचा जोड किंवा पुढचे क्रँक सील, यांपैकी काहीही गळत असले तरी सकाळचा डाग तुम्हाला तिथेच दिसणार.

तुमच्या पत्रात एक आकडा मात्र फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे आठवड्याला एक लिटर. साधारण २० ते ३० थेंब मिळून एक मिलिलिटर होतो आणि बशीएवढ्या डागात, तो दिसायला कितीही भयंकर असला तरी, फार तर तीन-चार चमचे ऑइल असते. सात रात्रींचा हिशेब केला तर तो दीडशे मिलिलिटरच्या आसपास जातो. मग उरलेले साडेआठशे मिलिलिटर जाते कुठे? ते एक तर गाडी चालू असताना बाहेर पडत आहे, नाहीतर इंजिनात जळत आहे. जळत असेल तर एक्झॉस्टमधून निळसर धूर दिसेल, विशेषतः सकाळी इंजिन सुरू करताना किंवा लांब उतारानंतर पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताना. तेव्हा कोणाला तरी मागे उभे करून हे आधी पाहून घ्या. धूर नसेल, तर पंपाच्या दाबाखाली असलेला एखादा जोड किंवा इंजिनाच्या पोटात वाढलेला वायूचा दाब ऑइल बाहेर ढकलतो आहे, असा संशय घ्यायला भरपूर जागा आहे. गाडी उभी असताना नुसते पाझरणारे सील आणि चालू इंजिनात दाबाने बाहेर पडणारे ऑइल या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आता कामाला लागू. पहिल्याच रात्री डागाच्या जागी पांढरा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांच्या मध्यापासून तो थेंब किती मागे पडला हे त्यावर मापाने लिहून ठेवा. थेंब काळा आहे म्हणजे तो इंजिन ऑइलचाच असणार, हे बहुतांशी खरे असले तरी खात्री करून घेणे सोपे आहे. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीमुळे काळे होते आणि पांढऱ्या कागदावर टिपले की मध्ये गडद ठिपका आणि भोवती फिकट तेलकट वलय उमटते. गिअर ऑइल जास्त दाट असते, सहसा मधासारखे किंवा तपकिरी दिसते आणि त्याला गंधकासारखा उग्र, नाक मुरडायला लावणारा वास असतो. तो वास आला तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आहे आणि इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचे फ्लुइडही याच जागी ठिबकू शकते. ते पातळ असते आणि वाटीभर पाण्यात टाकले की पाण्यात मिसळून जाते, ऑइल मात्र वर तरंगत राहते. कुलंट हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा असतो, बोटांना बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. त्या गोडीमुळे जनावरे तो चाटतात आणि तो विषारी असतो, म्हणून कुलंटचा डाग कधीही तसाच सोडू नये. डिझेलचा वास ओळखण्यासाठी तुम्हाला माझी गरज नाही.

डिझेलचा विषय निघाला म्हणून एक ताकीद इथेच देतो. इंजिन चालू असताना इंधनाच्या नळ्यांवर हात फिरवून गळती शोधू नका. आजच्या कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो आणि केसाएवढ्या भेगेतून येणारी, डोळ्यांना न दिसणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. संशय असेल तिथे लांब काठीला पुठ्ठा बांधून तो धरावा. बाकी, गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी असावी, चाकांना पुढे-मागे ओंडके लावलेले असावेत, किल्ली तुमच्या स्वतःच्या खिशात असावी आणि जॅक लावावाच लागला तर खाली भक्कम घोडी (लोखंडी आधार) ठेवल्याशिवाय अंग आत सरकवू नये.

धुण्याचे काम इंजिन थंड असताना करावे. अल्टरनेटर, स्टार्टर, वायरींचे जोड आणि हवेच्या फिल्टरचे तोंड प्लास्टिकने नीट बांधून घ्या. अनेक ठिकाणी डिझेल मारून ब्रशने घासण्याची पद्धत आहे. मला ती पसंत नाही, कारण सांध्यांत राहिलेले डिझेल नंतर दोन दिवस पाझरत राहते आणि खोटे ओघळ दाखवते, शिवाय गरम एक्झॉस्टजवळ ते धोक्याचे असते. पाण्यात धुतले जाणारे तेलकट मळ काढायचे द्रावण वापरा, ते दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या, ब्रशने कोपरे घासा आणि साध्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा थेट सीलवर किंवा वायरींच्या जोडांवर मारू नका. टॅपेट कव्हरपासून चेंबरच्या तळापर्यंत आणि पुढच्या पुलीपासून बेल हाउसिंगपर्यंत सगळे इतके स्वच्छ झाले पाहिजे, की पांढरे फडके फिरवल्यावर त्यावर काळा पट्टा उठू नये. हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच ते कोणी करत नाही.

पूर्ण वाळल्यावर संशयाच्या जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकरा. मग इंजिन जागेवरच पंधरा मिनिटे चालवा, बंद करा आणि हातात विजेरी घेऊन आधी वरून पाहा, खालून नव्हे. पाहण्याचा नियम एकच ठेवा : सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. तिच्या खाली आणि मागे जे काही ओले आहे ते सगळे तिचे ओघळ समजावेत. पावडरवर ऑइलचा पहिला डाग उमटतो तेव्हा तो करड्या रंगाच्या बारीक रेषेसारखा दिसतो आणि त्या रेषेचे वरचे टोक तुम्हाला थेट जोडापर्यंत नेऊन सोडते. जिथे डोके जात नाही तिथे काठीला बांधलेला छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घाला. जागेवर काही दिसले नाही तर भरलेली गाडी पंधरा-वीस किलोमीटर, शक्यतो चढणीच्या रस्त्याने, फिरवून आणा आणि पुन्हा पाहा, कारण तुमची गळती ओझ्याखाली वाढते हे तुम्हीच लिहिले आहे. एवढे करूनही पत्ता लागला नाही तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून तासभर गाडी चालवली आणि अंधारात अतिनील दिवा फिरवला की ओघळ पिवळा-हिरवा झळकतो. माझ्या मते गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी तरी ही परीक्षा व्हायलाच हवी.

पाहताना ऑइल प्रेशर स्विचच्या वायरचे टोक काढून आत डोकवा. आत ऑइल साचलेले असेल तर स्विच गेला. फिल्टर काढून त्याच्या बैठकीवर बोट फिरवा, कारण जुन्या फिल्टरचे रबर तिथेच चिकटून राहिले आणि नवा फिल्टर त्यावर चढवला गेला, असे वाटते त्यापेक्षा पुष्कळ वेळा घडते. टर्बोखालची परतीची नळी, ऑइल कूलरचा जोड आणि एअर कॉम्प्रेसर ब्लॉकला जिथे बसतो ती जागा, या तिन्हींवर थोडा जास्त वेळ घालवा.

यानंतरची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती ब्रीदरची आहे. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू निसटून नेहमीच इंजिनाच्या पोटात उतरत असतो आणि तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची वाट ठेवलेली असते. ती नळी काजळी आणि चिकट मळाने तुंबली, किंवा ब्रीदरमध्ये जाळी अथवा फिल्टर असेल आणि तो वर्षानुवर्षे बदललाच नसेल, तर वायू कोंडतो आणि जिथे सर्वांत कमकुवत जोड सापडेल तिथून ऑइल बरोबर घेऊन बाहेर पडतो. तुमचे चेंबरचे पॅकिंग दोनदा का टिकले नाही, याचे उत्तर कदाचित इथेच मिळेल. चढणीवर भरलेल्या गाडीत हा वायू वाढतो आणि त्याच वेळी चेंबरमधले ऑइलही मागच्या बाजूला जमते, म्हणजे मागचे सील आणि चेंबरची मागची कड यांच्यावर दोन्हींचा भार एकदम येतो. ब्रीदरची नळी सोडवून आरपार स्वच्छ करा, फिल्टर असल्यास नवा घाला. मग इंजिन मंद चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सोडवून त्याच भोकावर उलटे ठेवून पाहा. झाकण किंचित थरथरले तर हरकत नाही, पण ते नाचू लागले, उडून पडले आणि धुराचा लोट बाहेर आला, तर रिंगा आणि सिलिंडर यांची झीज झालेली असू शकते. ही परीक्षा ढोबळ आहे, काही इंजिने तशीही थोडा धूर सोडतात; पण नाचणारे झाकण दिसले तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. अशा इंजिनाला नवे सील घातले तरी ते थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागेल.

याच ओघात डिपस्टिकही पाहा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पातळी तपासायची असते. दर आठवड्याला लिटरभर ऑइल ओतण्याची सवय लागली की पातळी वरच्या खुणेच्या पुढे कधी जाते ते कळत नाही, आणि जास्त भरलेले ऑइल क्रँकच्या फटक्यांनी फेसाळून सीलवर आदळते. न घालताच पातळी वाढत असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवणे थांबवा. तो आजार वेगळा आणि अधिक गंभीर आहे.

चेंबरची कडच ओली निघाली तर तिसरे पॅकिंग आणण्याआधी चेंबर काढून त्याच्या कडेवर सरळ पट्टी धरा. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट जोर लावून आवळले की प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर फुगतो, दोन बोल्टांच्या मधली जागा उघडी राहते आणि मिस्त्री ती बंद करण्यासाठी आणखी आवळतो. ते फुगवटे लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सपाट करा. बोल्ट मधून कडांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आणि त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत. सिलिकॉन लावायचे असेल तर दोन्ही बाजू कोरड्या करून एकच बारीक, अखंड रेघ बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढा. भरमसाट लावलेले सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकते.

इतके सगळे पाहून झाल्यावर बेल हाउसिंगच्या वरचा आणि पुढचा भाग कोरडा राहिला आणि हाउसिंगच्या खालच्या छिद्रातूनच इंजिन ऑइल येत असेल, तर मात्र तुमचे मिस्त्री बरोबर आहेत आणि गिअरबॉक्स उतरवा. उतरवल्यावर लगेच पुसू नका. फ्लायव्हीलची (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाची) इंजिनाकडची बाजू ओली असेल तर गळती क्रँकच्या बाजूची आहे, क्लचकडची बाजू आणि गिअरबॉक्सचे पुढचे तोंड ओले असेल तर गिअरबॉक्सची. फ्लायव्हील काढल्यावर सीलबरोबरच त्याच्या आसपासचे ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) आणि कॅमशाफ्टचे प्लग पाहा. ते गळत असले तरी सारा दोष सीलवरच जातो. जुने सील निघाल्यावर क्रँकवर ते जिथे घासत होते तिथे नख फिरवा. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे आणि नवे सील त्याच खाचेत बसवले तर ते पहिल्या दिवसापासून पाझरेल. खाच झाकणारी पातळ स्लीव्ह चढवावी किंवा बैठकीत जागा असल्यास सील किंचित पुढे-मागे बसवावे. क्रँक हाताने वर-खाली हलत असेल तर मेन बेअरिंग झिजलेले आहे आणि कोणतेही सील तिथे टिकणार नाही. रबराच्या ओठाच्या सीलला बसवताना ऑइलचे बोट लावतात, पण टेफ्लॉनचे सील कोरडेच बसवायचे असते. ही एक गोष्ट मिस्त्रींना आवर्जून विचारा, कारण जुन्या सवयीने दोन्हींना ऑइल लावले जाते. क्लच प्लेट ऑइलने भिजलेली असेल तर ती धुऊन पुन्हा घालू नका, नवी घाला, आणि गिअरबॉक्सचे पुढचे सीलही त्याच वेळी बदलून घ्या.

औषधाबद्दल थोडक्यात सांगतो. अशा मिश्रणांनी कडक झालेले रबर थोडे मऊ होऊन फुगते, त्यामुळे नुसते पाझरणारे जुने सील काही काळ आवरते, हे खरे आहे. फाटलेला ओठ, खाच पडलेला क्रँक, सैल बोल्ट, फुटलेला स्विच किंवा तुंबलेला ब्रीदर यांवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि आठवड्याला लिटरभर ऑइल जाणारी गळती पाझरण्याच्या जातीची नाही. ते पैसे ब्रीदरवर आणि धुण्यावर खर्च करा.

तोवर गाडी चालवावी का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे, की डाग बशीएवढाच राहत असेल, रोज सकाळी डिपस्टिक पाहण्याचा नेम तुम्ही पाळत असाल आणि सुटे ऑइल गाडीत असेल, तर तपासणी होईपर्यंतच्या चार-सहा दिवसांत चालवायला हरकत नाही. मात्र ऑइलचा ओघळ एक्झॉस्टच्या नळीवर किंवा टर्बोवर पडत असेल तर एक फेरीही करू नका, कारण तिथे आग लागू शकते. चढणीवर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे जाणवले तर ऑइल क्लचपर्यंत पोहोचले आहे; तेव्हा भरलेली गाडी उतारावर नेण्याचा विचारही करू नका. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर पुढचे गॅरेज किती जवळ आहे याचा हिशेब न करता गाडी सुरक्षित कडेला घेऊन इंजिन त्याच जागी बंद करा आणि तिथून ती ओढूनच न्या.